रक्ताच्या अंगावरच्या खुणा

केस पांढरे होतात, गुडघे कुरकुरायला लागतात, ते आपल्याला कळतं. पण आपलं रक्त घडवणाऱ्या पेशीही म्हाताऱ्या होतात, त्यांच्याही अंगावरच्या खुणा बदलतात. प्रयोगशाळेत बसून या खुणा मोजणाऱ्या एका बाईचं हे सांगणं...

‘तू नेमकं काय काम करतेस गं?’ हा प्रश्न गेली बावीस वर्षं मला प्रत्येक लग्नात, बारशात आणि हळदीकुंकवात विचारला जातो. ‘रुग्णालयाच्या लॅबमध्ये असते’ म्हटलं की समोरची पटकन म्हणते, ‘मग माझं हिमोग्लोबिन बघून दे ना एकदा.’ मी हसते. हिमोग्लोबिन बघणाऱ्या माझ्या मैत्रिणी शेजारच्या खोलीत बसतात. मी बसते फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रासमोर. माझं काम एका वाक्यात सांगायचं तर, पेशींच्या अंगावरच्या खुणा बघून त्यांना ओळखणं.

हे ऐकल्यावर समोरचीच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते मला आता पाठ झालेत. म्हणून मी माझ्या आजीचं उदाहरण देते. आजी आठवडी बाजारात ओट्यावर बसून लांबून येणारी बाई ओळखायची. ही घाटावरची, ही कोकणातली, ही नवी नवरी, ही माहेरपणाला आलेली. लुगड्याची नेसण, नथीची घडण, हातातला हिरवा चुडा, कपाळावरचं कुंकू, पायातली जोडवी. बाईनं तोंड उघडायच्या आत आजीचं निदान तयार! पेशींचंही तसंच असतं. प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या आवरणावर प्रथिनांचे नाना प्रकारचे दागिने असतात. लाल पेशीचे वेगळे, पांढऱ्या पेशीचे वेगळे, तरुण पेशीचे वेगळे आणि थकलेल्या पेशीचे वेगळे.

या दागिन्यांना शास्त्रज्ञांनी नंबर दिले आहेत. सुरुवातीला प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या मर्जीनं नावं ठेवायची, त्यामुळे एकाच खुणेला चार नावं पडायची. शेवटी १९८२ साली पॅरिसला सगळे एकत्र बसले आणि ‘सीडी’ हे आडनाव ठरलं. सीडी-३, सीडी-४, सीडी-१९ अशी ही वस्ती वाढत वाढत आता साडेतीनशेच्या पुढे गेली आहे. यातली माझ्या रोजच्या ओळखीची खूण म्हणजे सीडी-३४. ती रक्ताच्या मूलपेशींची खूण, ज्यांना आपण स्टेम सेल म्हणतो.

विरजणाची वाटी

मूलपेशी म्हणजे काय, हे समजावून सांगायला मला विरजणापेक्षा चांगला दाखला सापडलेला नाही. रात्री दुधाला विरजण लावायचं, सकाळी दही. ते सगळं संपवायचं नाही, चमचाभर बाजूला काढून ठेवायचं, ते उद्याचं विरजण. आपल्या हाडांच्या पोकळीत, अस्थिमज्जेत, हेच चाललेलं असतं. मूलपेशी विभागते तेव्हा एक वाटा ‘दही’ होतो, म्हणजे लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स. आणि एक वाटा ‘विरजण’ म्हणून तसाच राखला जातो. या व्यवस्थेवर रोज सुमारे वीस हजार कोटी लाल पेशी तयार होतात. आपण झोपलेलो असू, भांडत असू, पोळ्या लाटत असू, हे काम थांबत नाही.

अशा पेशी असतात याचा पक्का पुरावा १९६१ साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलक यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दिला. पण त्या ओळखायच्या कशा? मज्जेतल्या हजारो पेशींच्या गर्दीत त्या दिसायला साध्या, गोल, चारचौघींसारख्या. ओळख पटली ती १९८४ मध्ये, जेव्हा अमेरिकेत कर्ट सिविन यांनी सीडी-३४ ही खूण पकडणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, शोधली. मज्जेतल्या शंभर पेशींमागे जेमतेम एक-दोन पेशींवर ही खूण सापडते. त्यांतही अगदी अस्सल मूलपेशी आणखी दुर्मीळ. त्यांच्या अटी एखाद्या स्थळाच्या अटींसारख्या आहेत. सीडी-३४ हवी, सीडी-३८ नको, सीडी-९० हवी, सीडी-४५ आरए नको!

माझं यंत्र हे कसं करतं? पेशींच्या नमुन्यात रंगीत प्रकाश देणारी अँटिबॉडी मिसळायची. ती बरोब्बर आपल्या खुणेला जाऊन चिकटते. मग पेशी एका बारीक धारेतून, एकामागून एक, दर्शनाच्या रांगेसारख्या सोडायच्या आणि लेझरच्या झोतासमोरून न्यायच्या. ज्या पेशीवर खूण आहे ती चमकते आणि पडद्यावर एक ठिपका उमटतो. काही मिनिटांत लाखभर ठिपके. या यंत्राचा पेशी वेगळ्या काढणारा भाऊबंद स्टॅनफर्ड विद्यापीठात लेनर्ड हर्झनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत घडला. त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी लिओनोर यांची गोष्ट मला फार आवडते. नवरा कॅलटेकमध्ये शिकत होता, तेव्हा त्या संस्थेत मुलींना प्रवेशच नव्हता. बाई वर्गात नुसत्या बसून ऐकायच्या. पुढे त्याच बाई स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक झाल्या.

दुसरी अशीच जोडी थॉमस पती-पत्नींची. डॉ. डोनल थॉमस यांना अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी १९९० चं नोबेल मिळालं. त्यांच्या पत्नी डॉटी पत्रकारिता शिकत होत्या. लग्नानंतर नवऱ्याच्या कामात हात द्यायचा म्हणून प्रयोगशाळेतलं तंत्र शिकल्या आणि आयुष्यभर त्या कामात राहिल्या. त्यांना ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांटची आई’ म्हणत. आपल्याकडे हे प्रत्यारोपण पहिल्यांदा यशस्वी झालं ते मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, १९८३ मध्ये. डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर ते केलं होतं.

‘माझं रक्त नापास झालं का?’

आता ज्यांच्यामुळे हा लेख लिहायला घेतला त्या तिघींकडे वळते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सातारा बाजूच्या एक शिक्षिका, वय अठ्ठावन्न. सहा महिने थकवा, अंगावर काळेनिळे डाग, सतत ताप. सुरुवातीला ‘पाळी जाण्याच्या वयात होतं असं’ म्हणून घरच्यांनी आणि त्यांनी स्वतःही तिकडे काणाडोळा केला. निदान झालं मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे मूलपेशीच बिघडल्या आहेत आणि नीट रक्त तयार होत नाही. हा मुख्यतः उतारवयातला आजार. उपाय एकच, दुसऱ्या कुणाच्या तरी मूलपेशी लावणं.

त्यांची थोरली बहीण, घरात सगळे तिला अक्का म्हणतात, वय सदुसष्ट. बाईंचं लहानपण अक्कानंच केलेलं. अक्काची तपासणी झाली आणि दोघी बहिणींचे एचएलए पूर्ण जुळले. एचएलए ह्यासुद्धा पेशींच्या अंगावरच्याच खुणा बरं का! पण त्या जन्मजात, आईवडिलांकडून अर्ध्या-अर्ध्या मिळालेल्या. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. अक्कानं देवापुढे साखर ठेवली.

पण डॉक्टरांनी अक्काऐवजी बाईंच्या मुलीला निवडलं. मुलगी एकोणतीस वर्षांची, सोलापूरला दिलेली, एचएलए अर्धेच जुळणारे. आई आणि मुलीत निम्मे तर जुळतातच. हल्ली अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण करता येतं, त्यासाठीची औषधं आली आहेत. अक्काला मधुमेह होता, हृदयात स्टेंट होता, आणि वय सदुसष्ट. हे सगळं मोजून डॉक्टरांचा निर्णय झाला.

अक्का माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. डोळे कोरडे, पण आवाज जड. म्हणाल्या, ‘ताई, पूर्ण जुळलंय म्हणाले होते. मग आता पोरीचं अर्धं चालतंय आणि माझं पूर्ण चालत नाही? माझं रक्त नापास झालं का हो?’

मी तिथे डॉक्टर नाही, तंत्रज्ञ आहे. निर्णयावर बोलणं माझं काम नव्हे. पण खुणांबद्दल मी बोलू शकत होते. म्हटलं, ‘अक्का, तुमच्या हातावर हे गोंदण आहे ना? ते कधी बदललं का? नाही. एचएलए तसं असतं, जन्मभर तेच. ते तुमचं जुळलंच आहे. पण याच हातावर लग्नात हिरवा चुडा होता, मग पाटल्या आल्या, आता दोनच बांगड्या आहेत. काही खुणा गोंदणासारख्या कायम राहतात, काही वयाबरोबर बदलतात. मूलपेशींच्याही बदलतात.’

अक्कांनी बांगड्या मागेपुढे केल्या आणि म्हणाल्या, ‘काय काय बदलतं, सांगा बघू.’

वय वाढतं तेव्हा...

अक्कांना सांगितलं ते इथे जरा सविस्तर सांगते.

आपल्याला वाटतं, म्हातारपणी मूलपेशी कमी होत असतील. प्रत्यक्षात उलट! शॉन मॉरिसन, आयर्व्हिंग वाइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांत मूलपेशींची संख्या तरुण उंदरांच्या जवळपास पाचपट असते. मात्र एकेक पेशी पाहिली तर नव्या जागी जाऊन रुजण्याची तिची ताकद कमी असते. माणसांच्या मज्जेतही वयाबरोबर संख्या वाढते, हे २०११ मध्ये दिसलं. म्हणजे विरजण वाटीभर, पण दही पूर्वीसारखं लागत नाही.

का लागत नाही? तर मूलपेशी सगळ्या एकसारख्या नसतात. काहींचा कल एका बाजूला, काहींचा दुसऱ्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशींची ढोबळमानानं दोन घराणी आहेत. एक लिम्फॉइड. बी पेशी, टी पेशी ह्या या घराण्यातल्या. त्या नव्या शत्रूला ओळखायला शिकतात आणि ओळख जन्मभर लक्षात ठेवतात. लस काम करते ती यांच्या जिवावर. दुसरं घराणं मायलॉइड. हे दारावरच्या रखवालदारासारखे. दिसला परका की लगेच धावून जातात, आरडाओरडा करतात, सूज आणतात. तरुणपणी दोन्ही घराण्यांचा तोल असतो. वय वाढतं तशा मायलॉइडकडे झुकणाऱ्या मूलपेशी वरचढ होतात.

आणि हे अंगावरच्या खुणांत दिसतं! उंदरांत मूलपेशी ओळखायला सीडी-१५० ही खूण वापरतात, ती रीत २००५ पासूनची. पुढे २०१० मध्ये लक्षात आलं की ज्या मूलपेशींवर सीडी-१५० भरपूर आहे त्या मायलॉइडकडे झुकतात, ज्यांच्यावर कमी आहे त्या तोल राखतात, आणि वयाबरोबर भरपूरवाल्यांचं प्रमाण वाढत जातं. सीडी-४१ ही एरवी प्लेटलेट्सच्या घराण्याची खूण. २०१३ मध्ये दिसलं की म्हाताऱ्या उंदरांच्या मूलपेशींवर ती जास्त प्रमाणात आढळते. सीडी-६२ पी ही चिकटण्याच्या कामातली खूण, सूज असते तिथे पेशींना थांबवणारी. म्हाताऱ्या मूलपेशींत तीही वाढलेली असते. निओजेनिन नावाची आणखी एक खूण आहे, तिचंही तेच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. प्रत्येक पेशी एका सकाळी उठून आपले दागिने बदलते, असं नाही. काही बदल एकेका पेशीत होतात खरे, पण बराचसा बदल मंडळातल्या सभासदांचा असतो. आमच्या सोसायटीचं महिला मंडळ सुरू झालं तेव्हा त्यात गाणाऱ्या, खेळणाऱ्या, सहली काढणाऱ्या, सगळ्या जणी होत्या. वीस वर्षांनी बघावं तर भिशीवाल्याच उरल्या! कुणीच आपला स्वभाव बदलला नाही, पण मंडळाचा स्वभाव बदलला. मज्जेतही असंच घडतं.

याचे परिणाम आपण घरोघरी बघतो. सत्तरीतल्या सासूबाईंना लस दिली तरी ती तरुण सुनेइतकी लागू पडत नाही. साधी सर्दी छातीत उतरते. बारीकशी सूज अंगात कायम धुमसत राहते. या सगळ्याला कारणं अनेक आहेत. छातीतली थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसते, हे एक. पण मूलपेशींचा ढळलेला तोल हेही त्यातलंच.

शिवाय मंडळातले सभासदही कमी-कमी होत जातात. केंब्रिजजवळच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की पासष्टीच्या आतल्या माणसांचं रक्त वीस हजार ते दोन लाख मूलपेशी मिळून घडवतात. पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसांत मात्र तीस ते साठ टक्के रक्त अवघ्या बारा ते अठरा पेशींच्या वंशातून आलेलं होतं. म्हणजे संख्येनं पेशी पुष्कळ, पण आज्या मोजक्याच! यातला एखादा वंश बिघडला तर कर्करोगाची आणि हृदयविकाराची शक्यता वाढते. म्हणूनही वयस्क दात्याचं रक्त जास्त बारकाईनं तपासतात.

याचं टोक म्हणजे हॉलंडच्या हेन्ड्रिक्ये फान आन्डेल-स्किपर या आजीबाई. जन्म १८९० चा, मृत्यू २००५ मध्ये, एकशे पंधराव्या वर्षी. ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी देहदानाचा अर्ज भरला. एकशे अकराव्या वर्षी विद्यापीठाला पुन्हा फोन करून विचारलं, ‘अजून चालेल ना माझा देह?’ त्यांच्या रक्ताचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या पांढऱ्या पेशींपैकी जवळपास दोन तृतीयांश फक्त दोन मूलपेशींच्या वंशातल्या होत्या. दोन पेशींच्या जिवावर बाईंची स्मरणशक्ती शेवटपर्यंत ठणठणीत होती! ही गोष्ट मी अक्कांना मुद्दाम सांगितली. त्या पहिल्यांदाच हसल्या. ‘म्हणजे म्हातारं रक्त अगदीच टाकाऊ नाही म्हणा की!’

टाकाऊ तर नाहीच. अक्कांचं रक्त अक्कांना सांभाळायला पुरेसं होतं. पण दुसऱ्याच्या रिकाम्या घरात जाऊन पहिल्यापासून संसार उभा करायचा, तर तरुण पेशींना ते जास्त जमतं. त्या अधिक संख्येनं गोळा करता येतात आणि अधिक जोमानं रुजतात. बहिणीला रक्त देता आलं नाही म्हणून अक्का तिची कुणी नाही, असं कोणती अँटिबॉडी सांगते?

सोलापूरच्या विहीणबाई

इथवर सगळं समजुतीनं झालं, आता खरी अडचण उभी राहिली. मुलगी लगेच तयार होती, पण सासरी कुजबुज सुरू झाली. लग्नाला दोन वर्षं झालेली, अजून मूल नाही. ‘हाडातलं सत्त्व काढून घेतल्यावर मूल कसं राहणार? जन्माची अधू होऊन बसली तर?’ सासूबाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं, ‘तुमच्यात दुसरं कुणी बघा.’

मी त्या सासूबाईंना दोष देत नाही. भीती खरी होती, फक्त माहिती चुकीची होती. समुपदेशक बाईंनी त्यांनाच बोलावून घेतलं. त्या आल्या, मुलगा आला. डॉक्टर त्यांच्याशी तासभर बोलले. मग समुपदेशक त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या, की यंत्र तरी बघू द्या.

त्यांना जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण हे गैरसमज घराघरांत आहेत. आता बहुतेक वेळा हाडात सुई घालावी लागत नाही. चार-पाच दिवस एक इंजेक्शन देतात, त्यानं मूलपेशी मज्जेतून बाहेर रक्तात येतात. त्या दिवसांत अंग, कंबर दुखते, तापासारखं वाटतं. मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, मूलपेशी वेगळ्या होतात आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत मिळतं. चार ते सहा तास लागतात. काढलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून निघतात. गर्भाशयाशी, बीजकोशाशी याचा काही संबंध नाही. दिवस गेलेले असताना तेवढं देता येत नाही, आधी ती चाचणी करतात. पुढे मूल व्हायला कसलीच आडकाठी नाही.

सासूबाई सगळं ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, ‘हिच्या जागी माझी लेक असती तर तुम्ही दिलं असतं का?’ मी म्हटलं, ‘हो. आणि माझ्या लेकीनं नाव नोंदवलंय.’ ते खरंच होतं. माझ्या मुलीनं कॉलेजच्या शिबिरात दात्यांच्या नोंदणीत गालाच्या आतला कापूस फिरवून नमुना दिलेला आहे. बाई काही बोलल्या नाहीत. पण इंजेक्शनच्या पाचही दिवसांत सुनेसाठी डबा घेऊन त्याच येत होत्या.

ज्या दिवशी मुलीच्या मूलपेशी काढल्या त्या दुपारी नमुना माझ्याकडे आला. बाईंचं वजन बावन्न किलो. किलोमागे पन्नास लाख सीडी-३४ पेशी मिळाल्या तर उत्तम, म्हणजे सव्वीस कोटी हव्या होत्या. पडद्यावर ठिपके जमत गेले. हिशेब केला, किलोमागे एकसष्ट लाख! एकूण जवळजवळ बत्तीस कोटी. मी रिपोर्टवर सही केली.

सही करताना मनात आलं, हाच नमुना सदुसष्ट वर्षांच्या अक्कांचा असता तर ठिपके कदाचित कमी असते, पण एकेक ठिपका असाच दिसला असता. कारण रोजच्या कामात आम्ही मोजक्याच खुणा बघतो, आणि सीडी-३४ वय सांगत नाही. वयाच्या खुणा बघायला वेगळ्या अँटिबॉडी लागतात आणि ते काम आज संशोधनाच्या प्रयोगशाळांत चालतं. म्हणून डॉक्टर अजून जन्मतारीखच विचारतात! उद्या कदाचित पेशीच आपलं वय सांगतील. मग एखादी सत्तरीची अक्काही ‘पास’ होईल आणि एखादा चाळिशीतला दादा मागे राहील.

धुऊन काढता येईल का वय?

साहजिकच पुढचा प्रश्न येतो, खुणा कळल्या तर त्या धरून म्हाताऱ्या पेशी काढून टाकता येतील का? २०२४ च्या मार्चमध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात वाइसमन यांच्याच गटानं असा प्रयोग मांडला. सीडी-१५०, सीडी-६२ पी आणि निओजेनिन या खुणांना चिकटणाऱ्या अँटिबॉडी वापरून त्यांनी म्हाताऱ्या उंदरांतल्या मायलॉइडकडे झुकलेल्या मूलपेशी कमी केल्या. त्यानंतर त्या उंदरांत नव्या बी आणि टी पेशी वाढल्या, सुजेची लक्षणं उतरली आणि लस दिल्यावर विषाणूचा मुकाबलाही त्यांनी अधिक चांगला केला.

वाचून मलाही क्षणभर वाटलं, वा! पण हे उंदीर आहेत. माणसांसाठी असा उपचार आलेला नाही. म्हणून मैत्रिणींनो, ‘स्टेम सेलनं तारुण्य परत’ अशा जाहिराती दिसल्या तर पर्स घट्ट धरा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या आजारांसारख्या ठरावीक आजारांसाठीचं रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण. बाकी सगळं संशोधनाच्या चौकटीत, आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. सुरकुत्या, गुडघे, मधुमेह यांच्या नावानं कुणी लाखांचं पॅकेज सांगत असेल तर सरळ उठून यावं.

आईच्या अंगात लेकीचं रक्त

प्रत्यारोपणाचे पहिले शंभर दिवस कठीण गेले. दोनदा संसर्ग झाला, एकदा अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. त्या सगळ्या दिवसांत खोलीत सोबतीला अक्का होत्या. उकळलेलं पाणी, कुकरमधलं ताजं जेवण, दर दोन तासांनी हात धुणं, बहिणीच्या तोंडातल्या फोडांना औषध लावणं. या सेवेला कोणताच सीडी नंबर नाही, आणि तिच्याशिवाय ते शंभर दिवस पार पडले नसते.

आज प्रत्यारोपणाला दीड वर्ष होत आलं. बाई तपासणीला येतात, अजून औषधं चालू आहेत, पुढचं कुणी छातीठोक सांगत नाही. पण त्यांचा रक्तगट ‘ओ’ होता, तो आता मुलीचा ‘बी’ झाला आहे! मज्जाच मुलीची, तर रक्तही तिचंच. आणि गंमत म्हणजे, अशा रुग्णांच्या अभ्यासात दिसलं आहे की प्रत्यारोपणानंतर अनेक वर्षांनीही ते रक्त देणाऱ्याच्याच वयानं चालतं, घेणाऱ्याच्या नाही. म्हणजे बाईंची साठी जवळ आली तरी त्यांचं रक्त आत्ताच तिशीत पोचलंय.

आपल्याकडे रक्तविकाराच्या कितीतरी रुग्णांना घरात जुळणारं कुणी सापडत नाही. दात्यांच्या नोंदण्यांमध्ये तरुण नावं सगळ्यांत जास्त उपयोगी पडतात, ती का, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. घरात अठरा ते पस्तिशीची मुलं-मुली असतील तर त्यांच्याशी या रविवारी जेवताना बोला. आणि त्यांच्यापैकी कुणाला उद्या बोलावणं आलं तर ‘आधी लग्न होऊ दे, मूल होऊ दे’ म्हणून त्यांचा हात मागे ओढू नका. सोलापूरच्या विहीणबाईंना आता विचाराल तर त्याही हेच सांगतील. गेल्याच महिन्यात त्यांच्या घरी नातीचं बारसं झालं. घुगऱ्या-पेढ्यांचा डबा आमच्या लॅबपर्यंत पोचला.